वरच्या वर्गात घातले

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

प्रमाणपत्रासाठी वणवण करावी लागल्याची आपल्या भागातली सर्वांत जुनी गोष्ट पैठणची आहे. संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडलेल्या निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या भावंडांना आळंदीकरांनी सांगितले की, पैठणच्या ब्रह्मवृंदाचे शुद्धिपत्र आणा. भावंडे गोदाकाठी आली, सभा भरली आणि रेड्याच्या मुखातून वेद ऐकू आले, अशी कथा आहे. चमत्कार बाजूला ठेवू. परीक्षक कोण, प्रश्न कोणते आणि कागदावर सही कोणाची, यांतले काहीच त्या मुलांच्या हाती नव्हते, एवढे ध्यानात घेऊ. लोकांनी मात्र या कथेत परीक्षकांनाच परीक्षेला बसवले, आणि तेही रेड्यापुढे!

शाळेतल्या परीक्षांचा इतिहास चाळताना ही सभा मला वारंवार आठवते. मुले दर पिढीत तशीच असतात. कोणी चटकन शिकतो, कोणी रेंगाळतो. बदलत जातात ते परीक्षक, त्यांची भाषा आणि बक्षीस ठेवण्याची जागा. मराठवाड्यात तर हे बदल इतक्या लवकर लवकर झाले, की आजोबा, वडील आणि नातू यांची पास होण्याची व्याख्या एक राहिली नाही.

जुन्या पंतोजींच्या शाळेत नापास होण्याची सोयच नव्हती. तिथे इयत्ता नव्हती, वार्षिक परीक्षा नव्हती. धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवायची, मग बाराखडी, मग उजळणी, पावकी, निमकी, पाऊणकी, मोडी वाचन. एकाची पावकी झाली की तो निमकीला लागे. शेजारच्याची झाली नसेल तर तो पावकीच घोकत बसे. पुढे गेलेल्या मुलाने मागच्याला सांगायचे, हीच त्याची बढती. दक्षिणेतल्या अशा शाळांमधली ही रीत मद्रासला अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने पाहिली आणि इंग्लंडात नेऊन तिचा गाजावाजा केला. तेव्हा आपण काहीच दिले नाही असे नाही! पण म्हणून त्या शाळेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. पंतोजींची छडी कोणाची गय करीत नसे. आणि गावातल्या बहुतेक मुलांना त्या ओसरीची पायरीही चढता येत नसे. त्यांची परीक्षा दाराबाहेरच उरकलेली असे.

‘नापास’ हा शब्दच पाहा. ‘ना’ फारसीतला, ‘पास’ इंग्रजीतला. दोन राजवटींनी मिळून आपल्याला हा शब्द दिला, आणि तो घराघरांत असा रुजला की ‘अनुत्तीर्ण’ हा त्याचा शुद्ध भाऊ फक्त कागदावरच राहिला.

इंग्रजी मुलखात हा शब्द आला तो मुंबई विद्यापीठाबरोबर. १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. शंभराहून अधिक मुले बसली, जेमतेम वीस-बावीस पार पडली. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे मॅट्रिक हा नोकरीचा दरवाजा झाला, आणि त्या दरवाजाची किंमत इतकी वाढली की ‘मॅट्रिक नापास’ हीसुद्धा एक पदवी होऊन बसली. परीक्षेला बसण्यापर्यंत मजल गेली, हेच मुळी सांगण्यासारखे होते.

त्याच सुमारास मुंबई इलाख्यात आणखी एक पद्धत आली. इंग्लंडमध्ये १८६२ साली सुरू झालेली ही कल्पना साधी होती: निकाल तसे अनुदान. सरकारी तपासनीस वर्षातून एकदा शाळेत येणार, मुलांना वाचायला लावणार, गणिते घालणार, आणि जितकी मुले पार पडतील त्या हिशेबाने शाळेला पैसे मिळणार. डिपोटीसाहेब येणार म्हटले की शाळा कशी सारवून-सुरवून, मुलांना धुऊन-पुसून बसवली जाई, याच्या आठवणी जुन्या लोकांनी लिहून ठेवल्या आहेत. अशा हिशेबात कच्चा मुलगा म्हणजे शाळेचे नुकसानच. त्याने त्या दिवशी घरी राहिलेलेच बरे, असे कोणा मास्तरच्या मनात आले असेल तर दोष एकट्या मास्तरचा म्हणता येणार नाही.

या पद्धतीच्या वर्मावर बोट ठेवले ते जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. त्यातला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा मुद्दा नेहमी सांगितला जातो. परीक्षा आणि शिष्यवृत्त्यांविषयीचा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. जोतीरावांचे म्हणणे असे की, ज्या समाजात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे निकालावर पैसे ठेवले तर शाळा काढायला जाणार कोण? मास्तरचे पोट त्यावर भरणार नाही. आणि शिष्यवृत्त्यांचे काय? स्पर्धेने त्या वाटणे वरवर न्याय्य दिसते, पण स्पर्धा जिंकतात ती आधीच शिकत असलेल्या घरांतली मुले. मग सरकारचे पैसे पुन्हा त्याच घरांत जातात. म्हणून काही शिष्यवृत्त्या जिथे शिक्षण पोचलेच नाही अशा वर्गांसाठी ठेवाव्यात. बक्षीस पहिल्या आलेल्याला द्यायचे की पहिल्यांदा आलेल्याला, हा तो प्रश्न आहे. एकशे चाळीस वर्षे उलटली तरी शाळाखात्याला तो पुरता सुटलेला नाही.

हे झाले इंग्रजी मुलखातले. औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते, आणि इथला परीक्षक हैदराबादला बसे. १९१७ साली फर्मान निघून १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. उच्च शिक्षण भारतीय भाषेतून देण्याचा हा मोठा प्रयोग होता, आणि तो मनापासून केलेला होता. विज्ञान, इतिहास, कायदा या विषयांच्या पुस्तकांचे भाषांतर करायला वेगळे खाते होते. औरंगाबादला १९२३ साली इंटरमिजिएट कॉलेज निघाले. ज्यांना उर्दूचे बाबा म्हणतात ते मौलवी अब्दुल हक इथे प्राचार्य होते. वली आणि सिराज या कवींच्या शहरात उर्दूला परकी म्हणण्याचे कारण नाही. इथल्या कितीतरी घरांची ती मायबोली आहे. त्या घरांतल्या मुलांना हा प्रयोग वरदानच वाटला असणार.

पण वैजापूर-कन्नडकडच्या कुणब्याच्या पोराचे काय? गावात जी काही मराठी शाळा होती ती चार यत्तांची. पुढे सरकायचे तर मिडलची परीक्षा, मग मॅट्रिक, आणि सगळे उर्दूतून. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार घरी. शाळेत जमा, तफरीक, जरब, तकसीम. गणित येत असून प्रश्न न कळल्याने अडलेली मुले होती आणि उर्दू सफाईने बोलता आल्याने तरून गेलेलीही होती. त्या काळी शिकलेले मराठवाड्यातले वयोवृद्ध लोक पाढे मराठीत म्हणत आणि त्रैराशिक उर्दूतून सोडवत. ऐपत असलेल्यांनी मुले पुण्याला पाठवली. ज्यांनी इथेच राहून काही करायचे ठरवले त्यांनी खासगी शाळा काढल्या. औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ सालची. तरी शाळा आपली असली तरी शेवटची परीक्षा सरकारची, ही अडचण होतीच.

आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दोन रकाने शेजारी शेजारी असतात: ‘प्रगती’ आणि ‘वर्तणूक’. दुसऱ्या रकान्यात कारकून न बघता ‘चांगली’ असे लिहून मोकळा होतो. पण त्या रकान्यात किती ताकद असते ते औरंगाबादने १९३८ साली पाहिले. त्या वर्षी इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातली मुले प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणत. त्याला मनाई झाली. मुलांनी मानले नाही, नोव्हेंबरात संप झाला, लोण हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांपर्यंत पोचले आणि शेकडो मुलांची नावे पटावरून उडाली. त्यांत हुशार होते, मध्यम होते, काठावरचेही होते. गुणपत्रिका कोणाच्या उपयोगी पडली नाही. नाव काढलेल्या विद्यार्थ्याला दुसरे विद्यापीठ सहसा घेत नाही; त्याचे शिक्षण तिथेच संपते.

या मुलांचे संपले नाही, कारण नागपूर विद्यापीठाने दार उघडले. कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे याच मुलांपैकी एक. एका विद्यापीठाने ‘वाईट’ ठरवलेली वर्तणूक दुसऱ्या विद्यापीठाने वाईट मानली नाही. शेरा मुलाच्या अंगावर गोंदलेला नसतो, तो मारणाऱ्याच्या खुर्चीला चिकटलेला असतो, हे त्या वर्षी बऱ्याच पालकांना कळले असेल. त्यांतल्या कितीतरी मुलांनी पुढे मुक्तिसंग्रामात उडी घेतली.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, आणि उर्दू माध्यमाची सक्तीही गेली. आनंदाचीच गोष्ट. पण मधल्या इयत्तांत अडकलेल्या मुलांची तारांबळ झाली. काल तकसीम करणाऱ्याला आज भागाकार करायचा होता. कॉलेजात गेल्यावर पुन्हा इंग्रजी. त्याच पिढीतले नरहर कुरुंदकर. आपल्या भागातला एवढा चौफेर विद्वान दुसरा दाखवता येणार नाही. पण हैदराबादला इंटरच्या परीक्षेत ते एकाहून अधिक वेळा नापास झाले. पदव्या उशिरा मिळाल्या, तोवर त्यांची व्याख्याने ऐकायला प्राध्यापक येऊन बसत. नांदेडला ते आधी शाळामास्तर होते, मग पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नापासाचे खापर उर्दूवर फोडू नये. त्यांना अभ्यासक्रमाबाहेरचे वाचायची फार खोड होती, आणि परीक्षकाला त्या खोडीला गुण देता येत नसत.

जोतीरावांचा प्रश्न औरंगाबादला पुन्हा विचारला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९५० च्या जूनमध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे कॉलेज सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजचे नाव मिलिंद, परिसराचे नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा. त्याने भिक्षू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारले आणि उत्तरे पटल्यावर मान्य केले. म्हणजे कॉलेजला नाव मिळाले ते विचारणाऱ्याचे, आणि सावली उत्तर देणाऱ्याची. पैठणच्या सभेपासून तीस-पस्तीस मैलांवर हे घडले.

बाबासाहेब स्वतः १९०७ साली मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. शेकडा साडेसदतीस; आजच्या भाषेत काठावर पास. तरी मुंबईत त्यांच्या सत्काराची सभा भरली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बक्षीस गुणांना नव्हते. अस्पृश्य समाजातल्या मुलाने तो दरवाजा ओलांडला, याला होते. पुढे १९४४ साली केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या सुरू केल्या. वर्षाला तीन लाख रुपयांची ही तरतूद बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना आग्रहाने करून घेतली. ही शिष्यवृत्ती वर्गात पहिला येणाऱ्यासाठी नव्हती. पास हो आणि पुढे शीक, एवढेच मागणे. ज्यांच्या घरात आधी कोणी पाटी धरली नव्हती अशी मुले तिच्या आधाराने नागसेनवनात राहून शिकली. प्राचार्य म. भि. चिटणिसांसारखी माणसे तिथे होती म्हणून वसतिगृहाची खोली आणि ग्रंथालय यांना अर्थ आला, हेही खरे.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ झाले, १९६० साली महाराष्ट्र झाला. यशवंतरावांच्या काळात ईबीसी सवलत आली. जुन्या शाळांत फीमाफीला ‘नादारी’ म्हणत. तो नादारीचा अर्ज घेऊन हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभे राहण्याचा कमीपणा थोडा हलका झाला. मात्र सवलत टिकवायची तर हजेरी, वर्तणूक आणि प्रगती समाधानकारक लागे. गरिबाच्या मुलाला नापास होणे श्रीमंताच्या मुलापेक्षा महाग पडे ते असे.

याच शाळांमधला एक शेरा मला फार माणुसकीचा वाटतो: ‘वरच्या वर्गात घातले’. उत्तीर्ण नव्हे, अनुत्तीर्णही नव्हे. एक-दोन विषयांत चार गुण कमी, पण पोरगा धडपडणारा, बाप शेतमजूर. शिक्षक मंडळी बसून विचार करत आणि त्याला पुढे घालत. घरी ‘ढकललाय’ म्हणून टोमणे बसायचे ते बसत. या शेऱ्यात पक्षपात होऊ शकत होता, झालाही असेल. तरी त्यात मुलाला ओळखणाऱ्या माणसाचा निर्णय होता.

राज्य मंडळ १९६६ पासून आले आणि औरंगाबादला त्याचे विभागीय मंडळ झाले. १९७५ च्या मार्चमध्ये नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा झाली. आता परीक्षक दिसेनासा झाला. उरला फक्त बैठक क्रमांक. मग आली गुणवत्ता यादी. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेढा भरवतानाचे फोटो, कंदिलाच्या उजेडात अभ्यास केल्याच्या मुलाखती. मागास म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या भागाला त्या यादीने अभिमान दिला, हे नाकारू नये. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जादा तास, सराव चाचण्या आणि प्रश्नसंचांची जी शिस्त बसवली, तिला ‘लातूर पॅटर्न’ असे नाव पडले. औरंगाबाद मंडळाच्या यादीत लातूरची नावे रांगेने येऊ लागली. पुण्या-मुंबईच्या मुलांइतके गुण आपलीही मुले काढतात, हे एकदाचे सिद्ध झाले. पण गाव सोडून खोली घेऊन राहणे, शिकवण्यांची फी, हे परवडणारी घरे किती? २००० नंतरच्या दशकात मंडळाने यादी जाहीर करणे बंद केले. शिकवण्यांच्या जाहिरातींनी ती परत सुरू केली.

दुसऱ्या बाजूला कॉपी. २०१० च्या सुमारास नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम चालवली आणि जिल्ह्याचा निकाल धाडकन खाली आला. आधीच्या निकालांत शिकवण्याचा भाग किती होता, हे तेव्हा उघड झाले. आणखी एक आकडा सांगतो. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ साली शेकडा ८९.४१ होता, २०१९ साली तो ७७.१० झाला, आणि २०२० साली ९५.३०. तीन वर्षांत महाराष्ट्राची बुद्धी अशी वरखाली झाली नव्हती. २०१९ च्या परीक्षेत भाषांसारख्या विषयांचे शाळेकडचे वीस गुण काढले होते, नंतर ते परत दिले. २०२१ साली करोनामुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनी गुण दिले, आणि निकाल लागला ९९.९५.

जोतीरावांच्या मागणीचा धागा मधूनमधून दिसत राहतो. १९९२ साली सरकारने सावित्रीबाईंच्या नावाने मुलींना उपस्थिती भत्ता सुरू केला: प्राथमिक शाळेतल्या मागास आणि भटक्या समाजांतल्या मुलींना शाळेत आल्याबद्दल रोज एक रुपया. पहिली आल्याबद्दल नव्हे, आल्याबद्दल. कल्पना थेट जोतीरावांच्या निवेदनातली. तीस वर्षांनीही तो रुपया रुपयाच राहिला, ही गोष्ट वेगळी.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे थांबले. त्याच वर्षी २० ऑगस्टच्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. मुलाला रोज पाहा, त्याच्याशी बोला, त्याचे काम बघा आणि नोंद करा, असा त्याचा अर्थ. पंतोजींच्या ओसरीतली चांगली गोष्ट तेवढी उचलली होती. झाले असे की, एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, त्यात जनगणना, निवडणुका, पोषण आहाराचा हिशेब. वर्णनात्मक नोंदींचे तयार नमुने बाजारात आले आणि चाळीस मुले एकाच वाक्यात ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी’ होऊ लागली. पाचवीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, अशी ओरड झाली. २०१९ साली कायदा बदलला, आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. नापास झालेल्याला जादा शिकवायचे, निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची, तीही चुकली तर त्याच वर्गात ठेवायचे. मात्र शाळेतून काढायचे नाही.

आता हा नियम आपल्या भागात कसा बसतो ते बघायचे. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तरी पुष्कळ पोरे आईबापांबरोबर फडावर जातात. पाचवीतला असा मुलगा परत येतो तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते किंवा होऊन गेलेली असते. फेरपरीक्षेला तो बसू शकतो. तिच्या आधी जादा शिकवायचे दिवस येतात ते मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना. काही गावांत एखादा शिक्षक सुट्टीत येऊन मुलांना मारुतीच्या पारावर बसवतो. काही गावांत शाळेचे कुलूप जूनमध्येच उघडते.